मूल मागे बसवायचं असेल, तर सायकल उभी करून पारखा

गेल्या उन्हाळ्यात सायकल घ्यायला निघाले, तेव्हा सोबत सव्वादोन वर्षांचा मुलगा होता आणि रिक्षात पायाशी तांदळाचं १० किलोचं पोतं. दुकानातल्या मामांनी पोत्याकडं एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, आणि दारातली सगळ्यात चकचकीत सायकल पुढं ओढली. "ताई, ही घ्या की. २१ गिअर हाईत, डिस्क ब्रेक, पुढं शॉकअप."

मी विचारलं, "हिला कॅरिअर बसतो का?"

"नाही बसत."

"मडगार्ड?"

"वेगळं घ्यावं लागतंय."

"आणि डबल स्टँड?"

मामांनी ती सायकल मागं सारली आणि म्हणाले, "मग तुम्हाला दुसरीच सायकल पायजे."

तोवर महिनाभर मी लोकांना विचारत होते आणि दर वेळी जास्तच गोंधळत होते. कुणी गिअर मोजायला सांगायचं, कुणी वजन, कुणी टायरची जाडी. ही सगळी माहिती सायकल धावते तेव्हाची. माझं काम वेगळं होतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतून अंगणवाडी, गंगावेशीतून दूध, कपिलतीर्थ मंडईतून भाजी, संध्याकाळी रंकाळा तलाव. सगळं मिळून चार-पाच किलोमीटर, आणि त्यात पंधरा वेळा थांबायचं. अशा सायकलीचा कस लागतो तो ती थांबते तेव्हा: मूल चढवताना, उतरवताना, सिग्नलला एक पाय टेकून उभं राहताना. या एका गोष्टीवरून बाकीचं बहुतेक सगळं ठरतं.

ओझं किती, यापेक्षा ते कुठं

तालमीत नव्या पोराला आधी पवित्रा शिकवतात. पाय फाकव, गुडघे वाकव, कंबर खाली घे. पैलवान तोच, वजन तेच, पण ताठ उभा असला तर धक्क्यानं हलतो आणि पवित्र्यात असला तर हलत नाही. वजन जमिनीजवळ आलं आणि टेकू रुंद झाला, एवढाच फरक. वस्तूचं सगळं वजन जणू एकवटलेलं असतं त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. तो जितका खाली, तितकी वस्तू पडायला अवघड.

आता सायकलीकडं बघा. साधी सायकल १६-१७ किलोची. तिच्यावर १२ किलोचं मूल आणि ४ किलोची खुर्ची ठेवली, की सायकलीएवढंच वजन तिच्या डोक्यावर जाऊन बसतं, तेही कंबरेच्या उंचीवर. टेकू मात्र दोन टायरांच्या बोटभर रुंद रेघेचा. चालताना तोल सावरायला वेग मदत करतो. उभं राहिल्यावर ती मदत संपते आणि सगळा भार तुमच्या दोन हातांवर येतो. गावाकडून दूध घेऊन येणारे गवळी कॅन कॅरिअरच्या वर ठेवत नाहीत, दोन्ही बाजूंना खाली लटकवतात. हे शास्त्र त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही.

म्हणून चाकं आणि सांगाडा निवडताना थोडं बुटकं बरं. २६ इंची चाक चालतं, २४ इंची आणखी खाली बसतं. २० इंचीवर मूल सगळ्यात खाली येतं, पण चाक लहान असलं की खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि आपल्या रस्त्यांवर तो धक्का थेट मुलाच्या पाठीला लागतो. मी २६ घेतली. माझ्यापेक्षा उंचीनं कमी असलेल्या बहिणीला मी २४च सांगेन.

स्टँडवर पैसे वाचवू नका

साइड स्टँड म्हणजे एका बाजूला कलून उभी राहणारी सायकल. डबल स्टँड दोन पायांवर सायकल सरळ उभी करतो. जुन्या काळ्या सायकलींना मागच्या चाकाभोवती जो रुंद लोखंडी स्टँड असायचा, तो याच जातीचा.

दुकानात डबल स्टँडची चौकशी केली होती, तरी पहिले तीन आठवडे मी साइड स्टँडवरच होते. एका सकाळी मंडईबाहेर ओल्या मातीत सायकल लावली, मुलाला उचलून खाली ठेवलं, पाठमोरी होऊन भाजीची पिशवी उचलली, आणि मागं धाडकन आवाज आला. स्टँडचा पाय मातीत रुतला होता. खुर्चीची कड जमिनीवर आपटली होती, जिथं दहा सेकंदांपूर्वी त्याचं डोकं होतं. त्या दिवशी संध्याकाळीच डबल स्टँड बसवून घेतला.

तरीही, स्टँड कितीही भक्कम असो, मूल खुर्चीत आणि आपला हात हँडलवर नाही, असं एक क्षणही नको. सामान आधी चढवायचं, मूल सगळ्यात शेवटी. उतरवताना उलट, मूल सगळ्यात आधी. हा क्रम हाताला बसेपर्यंत मी तो मोठ्यानं म्हणत असे.

दुकानात याची परीक्षा सोपी आहे. सायकल डबल स्टँडवर लावा, कॅरिअरवर १० किलोचं पोतं दोरीनं घट्ट बांधा, आणि कॅरिअर बाजूनं हलवून बघा. पुढचं चाक गर्रकन वळून सायकल कलते का? पोतं मी याचसाठी नेलं होतं.

"लेडीज सायकल" हे नाव विसरा

ज्या सायकलीला मधली आडवी दांडी नसते तिला आपण लेडीज सायकल म्हणतो, आणि त्या एका शब्दापायी बाबालोक ती घेत नाहीत. पण मूल मागं बसलेलं असताना पाय मागून फिरवून टाकता येत नाही, लाथ त्याला लागेल. दांडीवरून पाय पुढून काढायचा तर सायकल कलवावी लागते, आणि कललेली जड सायकल सावरणं कठीण. दांडी नसेल तर साडी, सलवार, लुंगी, पँट काहीही असो, सरळ आत पाय टाकून उभं राहता येतं. नेदरलँड्समध्ये आया आणि बाप दोघंही मुलांना अशाच सायकलींवरून नेतात.

सीटची उंचीही नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी ठेवा. सायकलपटू सांगतील, गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. खरं आहे, पण ते लांब पल्ल्यासाठी. मुलासोबत बसल्या जागेवरून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकणं महत्त्वाचं. नवरा-बायको दोघं एकच सायकल वापरणार असाल, तर सीटखाली पान्याशिवाय उघडणारी कळ बसवून घ्या. नाहीतर रोज कोण पाना शोधणार?

मुलाची खुर्ची: इथं घाई नको

आपल्यापैकी कितीतरी जण वडिलांच्या सायकलीच्या दांडीवर, छोट्या सीटवर बसून शाळेत गेलो. त्या आठवणीचा मान ठेवून सांगते, ती सीट लहान मुलासाठी पुरेशी नाही. तिला पट्टा नाही, पाठीला टेकू नाही, आणि पाय चाकाजवळ लोंबकळतात.

मुलाचा पाय मागच्या चाकाच्या तारांत जाणं ही डबलसीटची सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात वाईट दुखापत. टाचेची कातडी सोलली जाते, कधी हाड मोडतं. म्हणून खुर्चीत आधी पायांची सोय बघा. पाय ठेवायला खोलगट जागा, चाकाच्या बाजूनं भिंत, आणि पावलावरून जाणारा पट्टा. तिन्ही हवेत. त्यातूनही साडीगार्ड, म्हणजे मागच्या चाकाला बाजूनं झाकणारी जाळी, बसवून घ्या. ती साडीसाठी आली असेल, वाचवते पाय.

मग खांद्याचे पट्टे. तीन किंवा पाच टोकांचा पट्टा हवा, दोन्ही खांद्यांवरून येऊन पायांमध्ये अडकणारा. नुसता कमरेचा पट्टा असेल तर झोपलेलं मूल पुढं ओघळतं. आणि ते झोपतंच. अंगणवाडीतून परत येताना आमचं पाच मिनिटांत मान टाकतं, म्हणून पाठ उंच आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कड असलेली खुर्ची घ्या. हेल्मेट मागं टेकून डोकं पुढं ढकललं जाऊ नये म्हणून चांगल्या खुर्चीत डोक्यामागं खोबण असते. हेल्मेट घालूनच मुलाला बसवून बघा.

वजनाचं गणितही बघा. युरोपात या खुर्च्यांसाठी ईएन १४३४४ नावाचं मानक आहे, आणि मागच्या मोठ्या खुर्चीसाठी त्यात ९ ते २२ किलोचं माप धरलेलं आहे. पुढं, हँडलजवळ लावायच्या खुर्च्या साधारण १५ किलोपर्यंतच. पुढच्या खुर्चीचं सुख मोठं आहे, मूल डोळ्यांसमोर असतं, गप्पा मारता येतात. पण हँडल जड होतं, गुडघे बाहेर काढून पायडल मारावं लागतं, आणि दोन वर्षांचं धष्टपुष्ट पोर वर्षभरात तिच्यातून मोठं होतं. मी मागची घेतली.

मागची खुर्ची दोन तऱ्हांनी बसते. एक कॅरिअरवर कसली जाते. दुसरी सीटखालच्या उभ्या नळीला पकडीनं धरते आणि दोन स्टीलच्या दांड्यांवर अधांतरी तरंगते. दांड्या थोड्या लवतात म्हणून गतिरोधकाचा दणका मुलाला कमी लागतो. या पकडी बहुधा २८ ते ४० मिलिमीटर जाडीच्या गोल नळीला बसतात. दांडी नसलेल्या काही सायकलींत उभ्या नळीवर पकडीला जागाच उरत नाही, किंवा ब्रेकची वायर मध्ये येते. म्हणून खुर्ची आधी ठरवा, सायकल मग. आम्ही उलट केलं असतं तर सायकल परत करावी लागली असती.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती स्वतः बघून कळली. आपल्या आरामशीर सीटखाली जाड स्प्रिंगा असतात. मागं बसलेल्या मुलाची बोटं नेमकी त्यांच्यापर्यंत पोहोचतात. आपण बसलो की स्प्रिंग दबते, आणि बोट आत असेल तर चिरडतं. एक तर बिनस्प्रिंगची सीट घ्या, नाहीतर स्प्रिंगांभोवती जाड कापड शिवून झाका. मी जुन्या जीन्सचा पाय कापून शिवला.

कॅरिअर आणि चाक

कॅरिअरवर किती वजन चालेल हे चांगल्या कॅरिअरवर कोरलेलं असतं. मुलाच्या खुर्चीसाठी २५ किलो किंवा जास्त असा आकडा हवा. आपल्याकडच्या साध्या कॅरिअरवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. तेव्हा जाड लोखंडी सळीचा, मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन्ही बाजूंनी पाय उतरलेला कॅरिअर निवडा. सीटच्या नळीलाच चिकटलेला, खाली पाय नसलेला कॅरिअर मुलासाठी नकोच.

"लोक कॅरिअरवर गॅसचं सिलिंडर नेतात की!" असं माझा दीर म्हणाला. खरं आहे. १४.२ किलो गॅस आणि वर तेवढंच लोखंड. पण सिलिंडर कुत्रं दिसलं म्हणून एका बाजूला झुकत नाही. मुलाचं वजन हलतं, आणि हलणारं वजन नट ढिले करतं. खुर्ची बसवल्यावर पहिल्या आठवड्यात रोज, नंतर महिन्यातून एकदा सगळे नट आवळून बघा.

काही जण म्हणतील, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, आपल्या उद्यमनगरात, काय बनत नाही, वेल्डिंग करून पक्का स्टँड लावून घेऊ. लोखंडी सांगाड्यावर कसबी माणूस ते करेल. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर मात्र वेल्डिंग करू देऊ नका. कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन त्या धातूला बळ आणलेलं असतं, आणि वेल्डिंगच्या आचेनं ते नेमकं जोडाजवळ उतरतं.

जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला ४० तारा असायच्या आणि पुढच्या चाकाला ३२, कारण ओझं मागं. आजच्या सायकलीत मागं निदान ३६ तारा बघा. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंद. आणि हवा! टायरच्या कडेला दाब लिहिलेला असतो. मूल बसल्यावर मागच्या टायरमध्ये त्यातल्या वरच्या आकड्याजवळ हवा ठेवा, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून पंक्चर होते.

कोल्हापूरचा पाऊस आणि फ्रिजवरचं चुंबक

इथं जुनी काळी सायकल हरते, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. तिची रिम चकचकीत लोखंडी. कोरड्यात ब्रेकचं रबर तिला धरतं, ओल्यात घसरतं. आषाढात उताराला ब्रेक दाबला आणि सायकल ऐकतच नाही, हा अनुभव अनेकांना असेल. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही रबर बऱ्यापैकी पकडतं. डिस्क ब्रेक, म्हणजे आसाजवळच्या छोट्या चकतीला धरणारा ब्रेक, पावसात त्याहून भरवशाचा. फक्त त्याच्या बाजूनं कॅरिअरचा पाय बसतो का, ते बघा.

रिम कशाची हे ओळखायला फ्रिजवरचं चुंबक खिशात घेऊन जा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम. दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

ब्रेक कसलेही असोत, वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर चौपट लागतं. मूल मागं असताना मी ताशी १२-१३ किलोमीटरच्या वर जात नाही. मुसळधार पावसात सरळ रिक्षा करते. सायकल घेतली म्हणजे प्रत्येक दिवशी तीच, असं कुठं लिहिलंय?

गिअर म्हणजे घाटरस्ता

गगनबावड्याचा घाट आठवा. डोंगर सरळ चढला तर अंतर कमी, पण दम निघतो. रस्ता वळणं घेत जातो म्हणून अंतर वाढतं आणि चढ सोपा होतो. गिअर हेच करतो. हलक्या गिअरमध्ये पायडल जास्त वेळा मारावं लागतं, पण दर वेळी जोर कमी.

आकड्यांत सांगते. साध्या बिनगिअरच्या सायकलीला पुढच्या दातेरी चकतीला ४४ दात आणि मागच्या चकतीला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात २६ इंची चाक सुमारे ५ मीटर जातं. मूल, भाजी आणि टेंबलाईच्या टेकडीकडचा चढ असेल तर हे फार जड. मागं २२ दातांचं फ्रीव्हील लावलं की तेच अंतर ४ मीटरवर येतं. एक छोटा भाग बदलायचा, आणि चढ बराच हलका. मागं ७ गिअर असतील तर हलक्यात हलका गिअर ३ मीटरच्या आसपास मिळतो, आणि शहरात तेवढं भरपूर झालं. २१ गिअरमधले निम्मे कधी लागतच नाहीत. पेठांमध्ये, रंकाळ्याच्या बाजूला राहात असाल तर बिनगिअरची आणि २२ दात. विद्यापीठाकडं किंवा टेंबलाईकडं रोज जाणं असेल तर ७ गिअर घ्या.

आणि बॅटरीची सायकल? चढाचा प्रश्न ती एका झटक्यात सोडवते. २५० वॉटच्या आतली मोटर, बॅटरी सोडून ६० किलोच्या आत वजन आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, अशा गाडीला आपल्या नियमांत मोटार वाहन धरत नाहीत. त्यामुळं नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. मात्र ती साध्या सायकलीपेक्षा चांगलीच जड असते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल, खाली कुलपाची जागा नसेल, तर घेण्याआधी एकदा उचलून बघा.

"एवढंसं पोर सायकलवरनं नेतीस व्हय?"

हे सासूबाईंचं वाक्य, आणि त्यांची काळजी चूक नव्हती. वर्षाच्या आतलं मूल सायकलवर नकोच. हेल्मेटचं वजन पेलेल इतकी मान बळकट हवी आणि मूल आधाराशिवाय नीट बसायला हवं. बाळ पाठीला किंवा पोटाला झोळीत बांधून सायकल चालवणंही नको, पडलात तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर.

हेल्मेटसाठी भुवयांच्या वरून डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजा आणि त्या मापाचं घ्या, "पुढं वाढेल" म्हणून मोठं नको. कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं जागा सोडून ते बसायला हवं. ईएन १०७८, ईएन १०८० (युरोपची मानकं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) अशी खूण आत असते.

"मग स्कूटरच सुरक्षित नाही का?" मूल स्कूटरवर पुढं उभं करून नेणं सुरक्षित वाटतं, कारण ते रोज दिसतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि मुलाला हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या आत हवा. त्यात ईएन १०८० खुणेचं सायकलचं हेल्मेटही चालतं, म्हणजे ते एकच हेल्मेट दोन्हीकडं वापरता येतं. सायकलीला हा नियम लागू नाही. मी तरी हेल्मेट आणि पट्ट्याशिवाय निघत नाही.

रहदारीचं उत्तर मात्र सायकलीत नाही, वाटेत आहे. मी गर्दीचा महाद्वार रोड टाळते. आतल्या गल्ल्यांतून जाते, चार मिनिटं जास्त लागतात. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यांवर खुर्चीत तांदळाचं पोतं बांधून हीच वाट तीनदा चालवली, मग मुलाला बसवलं. पहिल्या वळणाला हँडल कसं वेगळं लागतं, ते पोत्यासोबत कळलेलं बरं.

आणि भाजी कुठं ठेवायची?

हँडलला पिशवी लटकवू नका. ती झुलते, वळताना हँडल ओढते, आणि एखाद्या दिवशी पुढच्या तारांत जाते. मागं दोन्ही बाजूंना खाली पिशव्या लावणं उत्तम, पण तिथं मुलाच्या पायांच्या भिंती येतात. त्यामुळं उरते पुढची बास्केट. तिला खालून टेकू हवा, आणि त्यात चार-पाच किलोच. दोन लिटर दूध, मेथीच्या जुड्या, टोमॅटो, बस्स. कांदे-बटाटे आणि कलिंगड वेगळ्या फेरीला, मुलाशिवाय.

परदेशात यावर लांब शेपटीच्या किंवा पुढं पेटी असलेल्या सायकली निघाल्या आहेत. कोपनहेगनमध्ये १९८४ मध्ये बनलेली क्रिस्तियानिया ही पेटीची तीनचाकी त्यातली नावाजलेली. दोन-तीन मुलं आणि आठवड्याचा बाजार तिच्यात मावतो. आमच्या गल्लीत ती वळणारच नाही, आणि एका मुलासाठी तिची गरजही नाही.

मूल २२ किलोचं झालं, साधारण सहा-सात वर्षांचं असताना, की खुर्ची काढायची. पकड सोडली की ती दोन मिनिटांत निघते. सांगाड्याला किंवा पट्ट्याला तडा नसेल तर दुसऱ्या घरी द्यायची. आमची खुर्ची पुढं कुणाला जाणार ते आधीच ठरलंय, बहिणीची मुलगी आत्ता सात महिन्यांची आहे.